मागाला कळता कामा नये

लोवेलच्या जुन्या कापडगिरणीत तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस.
छताला अजून लोखंडी कड्या आहेत.
त्यांतून म्हणे एकच दांडा फिरायचा, खालच्या कालव्याच्या पाण्यावर,
आणि त्या एका दांड्यावरून पट्टे उतरायचे
शंभर-दीडशे मागांवर.
आता त्या कड्यांना आम्ही नेटवर्कच्या निळ्या वायरी अडकवल्यात.

जानेवारी. मेरिमॅक काठाकाठानं गोठलेली.
टेबलावर तळहाताएवढा हिरवा बोर्ड,
चिपच्या पोटातच यूएसबीचा कंट्रोलर,
आणि समोर साडेचार हजार ओळींचा ड्रायव्हर,
जो जन्मापासून एकच गोष्ट धरून चाललाय
की पीसीआय असणारच.

म्हणजे जनगणनेच्या मास्तरासारखं कुणीतरी दारोदार जाणार,
कोण राहतं, कुठल्या कंपनीचं, जागा किती लागते,
आणि आतला नीट उत्तर देणार,
मग त्याला पत्ता मिळणार, हाक मारायची घंटा मिळणार.

इथं कुणी येत नाही विचारायला.
कंट्रोलर आहे तिथं आहे,
मॅन्युअलच्या सहाशे बाराव्या पानाच्या तळटीपेत.

तीन दिवस मी नुसती वेगळं करत बसले.
यंत्र चालवायचं कसं ते एका फाइलीत,
यंत्र सापडतं कुठं ते दुसऱ्या.
इतकी वर्षं एका ताटात जेवलेले दोघं,
भात कुणाचा, आमटी कुणाची, सांगता येईना.

चौथ्या दिवशी पहिलं रजिस्टर वाचायला गेले
आणि बोर्ड जागच्या जागी थिजला.
पीसीआयवर, समोर कुणी नसलं तरी
निदान सगळे एकच्या एक परत येतात,
रिकाम्या घरातून आपलाच आवाज यावा तसे.
इथं प्रश्न गेला तो गेलाच.

साडेनऊला बाबांचा फोन. इचलकरंजीत सकाळचे आठ.
ड्रायव्हर म्हणजे त्यांच्या लेखी टेंपोवरचा,
म्हणून मी सांगितलं, माग लागत नाहीये, बाबा.
चहाचा घोट घेतल्याचा आवाज.
"मोटरला लाइन आहे का बघ आधी."

नव्हती.
चिपच्या त्या कोपऱ्याचा क्लॉकच बंद होता, वीज वाचावी म्हणून.
पीसीआयच्या घरी हे कुणीतरी परस्पर करून ठेवायचं.
एक बिट. एक केला.

आकडा आला, पण उलटा,
शेपटाकडचं डोक्याकडे.
याचं मला हसू आलं.
हजेरीपटासारखं आडनाव आधी लिहिलं म्हणून
इथल्या बँकेत मी पहिल्या दिवसापासून हेरवाडेच आहे,
दर महिन्याला पत्र येतं, प्रिय हेरवाडे.
बाइट उलटवायला मात्र दोनच ओळी लागल्या.

मग इंटरप्टचा नंबर हातानं लिहिला,
मेमरीचा तुकडा दोघांना एकसारखा दिसेल असा मागून घेतला,
आणि रोलंड थिबो, एप्रिलमध्ये निवृत्त होणारा,
ज्याची आत्या याच मजल्यावर कांड्या भरायची,
खणातून एक माउस घेऊन आला, वायर उंदरानं कुरतडल्यासारखी.
लावला.
पोटाखाली लाल दिवा.
पडद्यावर एक ओळ: नवीन उपकरण, पत्ता दोन.
रोलंडनं माउस उचलून दिवा हातावर पाडून बघितला,
काही बोलला नाही.

बाबांनी आमच्या गल्लीतले माग
शाफ्टवरून काढून एकेक करून मोटरवर घेतले होते.
मी आठ वर्षांची, पाना धरून उभी.
पट्टा गेला, दांडा गेला, धोटा तोच.
कपाळावरचं ग्रीस मनगटानं पुसत म्हणाले होते,
कोण ओढतंय ते मागाला कळता कामा नये.

फाइल जतन केली. कोट घातला.
जाता जाता रोलंडनं माउस उपसला
आणि बोर्ड आडवा झाला.

म्हणजे जाणाऱ्याला निरोप कसा द्यायचा
ते अजून लिहायचंय.
कोट काढून खुर्चीला लावला.